पाटी वाकडी हाय

कौतुक करणं हा माझा धंदा आहे. खोटं वाटत असेल तर केजच्या बसस्टँडवर उतरा आणि मान वर करा. खांबांवर, कमानीवर, चहाच्या टपरीच्या पत्र्यावर जे 'दमदार', 'झुंजार' आणि 'गोरगरिबांचे कैवारी' लटकलेले दिसतील, त्यातले निम्मे माझ्या फ्लेक्सच्या दुकानातून निघालेले असतात. गिऱ्हाईक फोटो पाठवतं, खुर्चीत बसतं आणि म्हणतं, मजकूर तुमीच टाका, जरा जोरात. मी जोरात टाकतो. ज्याला घरात कुणी विचारत नाही त्याला मी जनतेच्या हृदयसिंहासनावर बसवून देतो. एकदा एका बोकडाच्या वाढदिवसाचाही फ्लेक्स केला आहे. मालकाला त्यात 'भावी' असं काहीतरी हवं होतं, पण बोकडाचं भावी काय असतं हे आम्हा दोघांनाही ठाऊक असल्यामुळे तो शब्द गाळला.

आणि हा असा मी ज्या घरात वाढलो, त्या घरात 'छान' हा शब्द फक्त पावसाला वापरत. तोही चार वर्षांतून एकदा.

नांदूरघाटला आमचं किराणा दुकान होतं. अप्पा, म्हणजे माझे वडील, गल्ल्यावर बसत. आई आतून डाळी निवडत बाहेर लक्ष ठेवी. मी साखरेची पुडी बांधली की अप्पा ती गिऱ्हाइकासमोर सोडत आणि पुन्हा बांधत. दुकानापुढचं अंगण झाडलं की त्यांचं बोट नेमकं राहिलेल्या कोपऱ्याकडे जाई. अप्पा निदान बोलत तरी. आई नुसतं 'हं' करायची. शाळेत नंबर आला, 'हं'. स्वतःच्या हाताने चहा करून दिला, 'हं'. त्या एका 'हं'मध्ये साखर कमी, दूध जास्त, कपाची कड चिरलेली आणि एकूण जन्मच वाया, एवढं सगळं बसायचं. फारच चिडली तर म्हणायची, तुझ्या बापाच्या पासंगाला बी पुरायचा न्हाईस तू. पासंग म्हणजे तराजूचं एक पारडं हलकं भरत असलं की त्याला बांधतात तो खडा. मी रोज तो खडा बघत मोठा झालो.

माझं अक्षर मात्र चांगलं होतं. पाचवी-सहावीत असेन, एका पत्र्यावर ऑइलपेंटने 'आज रोख, उद्या उधार' असं रंगवलं. लाल अक्षरं, त्यांना पिवळी सावली, कोपऱ्यात एक मोर. मोराचं उधारीशी काय नातं ते विचारू नका, मला मोर यायचा म्हणून काढला. गाव बघायला आलं. मास्तरांनी पाठीवर थाप मारली. मी पाटीखाली उभा राहून अप्पांच्या तोंडाकडे बघत होतो. त्यांनी पाटी पाहिली, मान डावीकडे कलती केली, मग उजवीकडे कलती केली आणि म्हणाले, "पाटी वाकडी हाय."

खिळा त्यांनीच ठोकला होता.

माझे आईबाप वाईट नव्हते, हे लगेच सांगून टाकतो, नाहीतर वाचणारे त्यांना टीव्हीवरच्या सासू-सुनांच्या मालिकेत नेऊन बसवतील. मला टायफॉईड झाला तेव्हा अप्पा दुकान बंद ठेवून उशाशी बसून होते. (कपाळावरच्या ओल्या घड्या नीट पिळत नाहीस म्हणून आईला बोलतही होते.) लेकराला तोंडावर चांगलं म्हटलं की दृष्ट लागते, असं आईचं मत. त्या हिशेबाने माझं बालपण भलतंच सुरक्षित गेलं. आमच्या गल्लीत एकही दृष्ट फिरकल्याचं मला आठवत नाही.

पण जित्याची खोड मेल्याशिवाय जात नाही म्हणतात, तशी लहानपणी लागलेली सवयही जात नाही. आज माझ्या खिशात गवंड्यांकडे असते ती लेव्हलची छोटी पट्टी असते, आत हिरवं पाणी आणि त्यात बुडबुडा असतो ती. लोक रुमाल बाळगतात, मी पट्टी. लग्नानंतर पहिल्यांदा सिरसाळ्याला सासुरवाडीला गेलो, तेव्हा चहा येईपर्यंत मी स्टुलावर चढून बायकोच्या पणजोबांचा फोटो सरळ करत होतो. सासऱ्यांनी दारातून पाहिलं आणि ते परत आत गेले. आत काय चर्चा झाली ते बायकोने अजून सांगितलेलं नाही.

कौतुक ऐकलं की मला खाज सुटते. कुणी म्हणालं शर्ट छान आहे, तर मी काखेतली उसवलेली शिवण दाखवतो. एक गिऱ्हाईक फ्लेक्स बघून म्हणालं, झकास झालाय. तिथे गप्प बसावं की नाही? मी म्हणालो, खालच्या रांगेतले तिसरे शुभेच्छुक जरा काळपट आलेत बघा. ते तिसरे शुभेच्छुक म्हणजे त्याचे मेहुणे निघाले. सगळा फ्लेक्स पुन्हा छापावा लागला. तेव्हापासून माल देण्याचं काम बायको करते आणि मला तेवढा वेळ आत मशीनमागे बसायला सांगते.

इथपर्यंत सगळी गंमतच होती. मग आमच्या मुलीची दहावी संपली आणि सुट्टीत ती दुकानात येऊन बसायला लागली.

तिने आपणहून केलेला पहिला फ्लेक्स एका बारशाचा होता. फिकट पिवळा रंग, झोपलेलं बाळ आणि खाली फक्त बाळाचं नाव. एकही विशेषण नाही. माझ्या दुकानात असं काही कधी झालंच नव्हतं. छाती भरून आली, खरंच भरून आली. ती कॉम्प्युटरच्या पडद्याकडे बघत नव्हती, माझ्या तोंडाकडे बघत होती. ते बघणं मी ओळखलं. मोराच्या पाटीखाली उभा राहून मी असाच बघत होतो. 'छान' एवढंच म्हणायचं होतं. मी तोंड उघडलं आणि आतून अप्पा बोलले.

"डावीकडं मोकळं सुटलंय."

ती 'बरं' म्हणाली. फाईल सेव्ह केली, ओढणी नीट केली आणि घरी गेली. दुसऱ्या दिवशी आली नाही. विचारलं तर म्हणाली अभ्यास हाय. दहावीचा निकालही लागायचा होता, कशाचा अभ्यास? मला भीती वाटली. धंदा बुडेल याची नाही. ही पोर पन्नाशीला येईल तेव्हा हिच्याही खिशात पट्टी असेल आणि तीही कुणाच्या तरी घरी स्टुलावर चढलेली असेल, याची. ती परत दुकानात यायला हवी होती आणि त्यासाठी मला एक चांगला शब्द तोंडातून काढायला हवा होता. एक. बोकडासाठी मी बारा काढले होते.

मी सराव सुरू केला. अडचण अशी की मला जे शब्द येतात ते सगळे फ्लेक्सचे. जेवताना तिने केलेली शेपूची भाजी खाल्ली आणि म्हणालो, अष्टपैलू झालीय. दोघी मायलेकींनी एकमेकींकडे पाहिलं. बायकोने माझ्या कपाळाला हात लावून बघितला. सकाळी मुलीने वेणी घालायची नवी तऱ्हा केली होती, तेव्हा माझ्या तोंडून 'नेतृत्वाला साजेशी' असं काहीतरी निघून गेलं. ती आरशासमोरून उठून गेली. खोलीत कोंडून घेऊन हसत होती की रडत होती ते दाराबाहेरून कळलं नाही, म्हणून मी दाराची कडी सरळ आहे का ते बघून परत आलो.

त्याच महिन्यात भावकीने अप्पांचं सहस्रचंद्रदर्शन करायचं ठरवलं. माणसाने हजार पौर्णिमा पाहिल्या की त्याला ओवाळतात, त्याची गुळाने तुला करतात, चार माणसं चार चांगले शब्द बोलतात. ज्यांनी आयुष्यात चांगला शब्द खर्चला नाही, त्यांच्यासाठी हा कार्यक्रम. मला ऐकूनच हसू फुटलं. मग सगळे माझ्याकडे वळून म्हणाले, फ्लेक्सचं काही बघायलाच नको, घरचंच दुकान हाय. आणि माझं हसू बंद झालं.

मी मशीनसमोर बसलो. 'कर्तव्यदक्ष' लिहिलं आणि पुसलं. 'शिस्तप्रिय' लिहिलं, ते हेडमास्तरांसारखं वाटलं. 'प्रेमळ' लिहिलं आणि खुर्चीवरून पडेस्तोवर एकटाच हसलो. कुणाही उपटसुंभाला आकाशाला टेकवणारा मी, बापासाठी मला शब्द सापडेना. शेवटी घरी गेलो आणि मुलीला म्हणालो, तूच कर. ती विचार करून म्हणाली, करते, पण लागेपर्यंत तुमी बघायचं न्हाई. आन दोऱ्या बी मीच बांधणार. मी कबूल केलं. ते दिवस कसे काढले, माझं मला माहीत. दोनदा दुकानाच्या खिडकीपर्यंत जाऊन परत फिरलो.

केजच्या मंगल कार्यालयात कार्यक्रम होता. सिरसाळ्याची मंडळी जीप भरून आली. गुळाच्या ढेपा आल्या, आडतीवरून मोठा तराजू आला. अप्पा फेटा बांधून खुर्चीत बसले आणि आई शेजारी बसून त्यांचा फेटा दोनदा सोडवून पुन्हा बांधायला लावून मोकळी झाली. मग मुलीने स्टेजमागचं कापड ओढलं.

फ्लेक्सच्या उजव्या बाजूला अप्पांचा जुना फोटो होता, दुकानातला. तराजूच्या काट्याकडे डोळे बारीक करून बघत असलेले. त्याखाली लिहिलं होतं, 'आमचे आजोबा. यांच्या नजरेतून काही सुटत नाही.' बस. कैवारी नाहीत, सम्राट नाहीत. अख्खी डावी बाजू कोरी सोडलेली. सगळं कार्यालय हसायला लागलं, कारण तिथल्या प्रत्येकाला ती नजर कधी ना कधी लागलेली होती. मला गुदगुल्या झाल्यासारखं झालं. मी मुलीकडे पाहिलं, पण ती अप्पांकडे बघत होती.

तेवढ्यात आमच्या भागातले एक पुढारी बोलायला उभे राहिले. त्यांचे सगळे फ्लेक्स मीच करतो, त्यामुळे त्यांच्या भाषणातला शब्द न् शब्द माझा होता. म्हणाले, अप्पा गोरगरिबांचे कैवारी आहेत. अप्पा खुर्चीतून उठले. "कैवारी बिवारी काय न्हाई," म्हणाले. पुढारी हसले आणि पुढे म्हणाले की अप्पांनी कधी कुणाला वजनात फसवलं नाही. अप्पा म्हणाले, पावसाळ्यात साखर वल्ली व्हायची, तवा कमीच भरत असंल की. लोक हसून खुर्च्यांवर डुलायला लागले. पुढाऱ्यांनी घाम पुसला आणि शेवटचा हुकमी पत्ता टाकला. अप्पांनी गावाला दिशा दाखवली, म्हणाले.

"मीच एकदा अंबाजोगाईला जायचं म्हणून परळीच्या गाडीत बसलतो," अप्पा म्हणाले. "मी काय दिशा दाखवणार?"

मांडी थोपटत हसत असतानाच मला दिसलं. अप्पांचे कान लाल झाले होते. हात शालीची कड ओढत होते. डोळे छताकडे, पंख्याकडे, मांडवाच्या दोरीकडे धावत होते, कुठे काही वाकडं सापडतं का म्हणून. हे मी चांगलं ओळखत होतो. हे तर माझं दुखणं. एवढा हजार पौर्णिमा पाहिलेला माणूस, आणि चार बऱ्या शब्दांपासून लपायला त्याला जागा सापडत नव्हती. मला बापाची फार दया आली आणि हसूही आवरेना, दोन्ही एकदमच.

तुलेची वेळ झाली. अप्पा पारड्यात बसेनात. आधी रिकामा काटा दाखवा, म्हणाले. खरंच काटा कलत होता. पासंग आणा, असा हुकूम झाला. कुणीतरी खडा आणला, तो जड भरला. दुसरा हलका. नारळाची करवंटी झाली, सुपारी झाली, एका पाहुण्याची किल्ली झाली. दुकान बंद करून किती तरी वर्षं झाली होती, पण अप्पांचा चेहरा उजळला. कुणी त्यांना काही चांगलं म्हणत नव्हतं, त्यामुळे ते आनंदात होते. अखेर दोन सुपाऱ्यांवर काटा स्थिर झाला आणि ते पारड्यात मांडी घालून बसले. पलीकडे ढेपा चढू लागल्या. पारडं हळूहळू वर उचललं गेलं आणि अप्पा थेट फ्लेक्ससमोर आले.

त्यांनी मान डावीकडे कलती केली. मग उजवीकडे कलती केली. पुढाऱ्यांच्या हातातला माईक अप्पांच्या तोंडाशीच होता.

"पाटी वाकडी हाय."

सगळ्यांनी माना वळवल्या. मुलगी दोरीच्या खांबाजवळ उभी होती. तिचा चेहरा पडला, अगदी हळू, कडेकडेने. माझा हात आपोआप खिशातल्या पट्टीवर गेला. पाटी वाकडी होतीच. डावीकडून चांगली बोटभर उतरली होती. माझ्या अंगातला प्रत्येक स्नायू दोरीकडे निघाला होता. मी स्टेजवर चढलो. दोरीपाशी जायच्या ऐवजी पुढाऱ्यांच्या हातून माईक घेतला. आजवर त्यांना इतके शब्द दिले होते, एक माईक मागायला हरकत नव्हती.

"हाय वाकडी, अप्पा," मी म्हणालो. डोक्यात नुसत्या लाह्या फुटत होत्या. "माझ्या लेकीनं केलीय, आन लई झकास केलीय. आज ती तशीच ऱ्हाईल."

अप्पा अधांतरी, पारड्यात, किंचित गोल फिरत. त्यांनी पुन्हा फ्लेक्सकडे पाहिलं, मग माझ्याकडे. तोंड उघडलं आणि काही न बोलता मिटलं. असं होताना मी जन्मात पहिल्यांदा पाहत होतो. आई म्हणाली, "हं." मग थोडं थांबून म्हणाली, "उरका आता, गूळ वितळायलाय."

सगळे एकदम हसले, गुलाल उधळावा तसे हसले. अप्पाही हसले. वर हसणाऱ्या माणसामुळे काटा हलत राहिला आणि शेवटी ढेपा नक्की किती लागल्या याचा वाद पाहुण्यांत अजून चालू आहे. त्या दिवशीच्या एकूण एक फोटोत मागे फ्लेक्स वाकडा आहे.

दुपार उतरली, पंगती उठल्या, जीपा गेल्या. अप्पा आणि आई पुढे घरी गेले. मी खुर्च्या एकात एक घालत होतो आणि मुलगी स्टुलावर चढून दोरीची गाठ सोडत होती. पाठमोरी राहूनच तिने विचारलं, "पप्पा, मघाशी माईक खरखरायला होता. काय म्हणालात तुमी?"

तिला नीट ऐकू गेलं होतं. सगळ्या केजला ऐकू गेलं होतं. पण आता माईक नव्हता, माणसं नव्हती, अंगात आलेलं वारंही उतरलं होतं. दुसऱ्यांदा सोपं जाईल असं वाटलं होतं, ते फारच अवघड गेलं. माझे कान तापले, नजर छताकडे गेली. तिथला पंखा जरा कलता होता. मी त्याला तसाच सोडला.

"झकास केलीस, म्हणालो."

"कावून? काय झकास हाय त्यात?"

पोर सोडायला तयार नव्हती. मी त्या फ्लेक्सकडे पाहिलं. उजवीकडे अप्पा डोळे बारीक करून काटा बघत होते. त्यांच्यासमोर एवढी पांढरी जागा, आणि त्यात त्यांना चूक काढण्यासारखं काहीच नव्हतं.

"डावीकडं मोकळं सोडलंस ते," मी म्हणालो.

तिचा हात गाठीवर थांबला. "मुद्दाम सोडलंय," ती म्हणाली.

"माहीत हाय मला," मी म्हणालो आणि तिचं स्टूल हलू नये म्हणून ते दोन्ही हातांनी धरून उभा राहिलो.